आमची माहिती आमाला दावा

दिवाळी सरली तरी आभाळ मोकळं होईना. सकाळी धुकं, दुपारी चटका देणारं ऊन, आणि उन्हं कलली की तोरण्याच्या अंगानं काळे ढग वर चढायचे. उंबरटेकातली सगळी भातखाचरं एकदमच पिकली होती. लोंब्या मातीला टेकायला आल्या होत्या. ज्याला त्याला आपलं भात आत घ्यायची घाई, त्यामुळं रोजानं माणूस मिळत नव्हतं.

गेनबाच्या घरात कापणीला तिघंच. गेनबाचा गुडघा धरलेला. थोडं कापून झालं की तो बांधावर बसायचा. त्याची बायको धोंडाबाई पेंढ्या बांधायची. सगळा भार सुनेवर, मंगलवर. मंगलचा नवरा कुमार पानशेतला धरणाकडच्या एका हॉटेलात आचारी होता. शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्यांची रीघ लागायची, त्यामुळं तो घरी यायचा तो सोमवारी.

मंगलनं विळ्याची मूठ पदराला पुसली आणि पुन्हा वाकली. पोटऱ्यांवरचा चिखल वाळून चिरा पडल्या होत्या. भाताच्या पात्यांनी हातावर बारीक रेघा ओढल्या होत्या आणि त्यात घाम गेला की चुरचुरत होतं. तरी तिला कापणी आवडायची. मुठीत मावेल तेवढा चूड, विळ्याचा खर्रकन आवाज, आणि मागं वळून बघितलं की रान मोकळं झालेलं दिसायचं. केलेलं काम डोळ्यांना दिसायचं.

बांधावर गेनबाच्या बंडीतला फोन वाजला.

"व्हय, व्हय," गेनबा बोलायला लागला. "गेनबाच बोलतुया. व्हय, वरलं खाचर आमचंच. व्हय, गुडगा दुखतुया खरा. व्हय... बगू की. व्हय, व्हय."

मंगल ताठ उभी राहिली. "कुनाचा फोन, मामंजी?"

"त्योच. अभिषेकशेठ. जमिनी घेनारा, पलाटवाला."

"काय म्हनतुया?"

"वरलं खाचर देता का म्हनतुया. तितनं धरनाचं पानी दिसतं म्हनं."

"आन् तुमी व्हय म्हनला?"

"आगं, देतो कुठं म्हनलो? नुसतं व्हय म्हनलो. माझ्या गुडग्याची इचारपूस केली त्यानं. कुमार हाटेलात नीट हाय का म्हनला. येवढ्या मायेनं बोलनाऱ्याला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?"

गेनबाचं 'व्हय' सगळ्या गावाला माहीत होतं. एकदा आपली बैलजोडी त्यानं एकाच सकाळी दोघांना देऊ केली होती, आणि दोघं भांडत दारात आले तेव्हा दोघांनाही व्हय म्हणाला होता. पण बैल संध्याकाळी परत येतात. वरलं खाचर गेलं की गेलं. घरात वर्षभर शिजायचा तो भात त्याच खाचरातला.

"आन् तुमच्या गुडग्याचं त्याला कुनी सांगितलं?" मंगलनं विचारलं.

गेनबा विचारात पडला. "म्या तरी न्हाई सांगितलं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाई खळं सारवायला घरीच थांबली. शेणाचे हात फिरवत ती मागं मागं सरकत होती, तोच दारात पांढरी गाडी येऊन उभी राहिली. आतून दोघं उतरले. पुढचा होता अभिषेकशेठ. डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत पांढरे बूट. तो थेट तिच्या कानाशी वाकला आणि ओरडला,

"आजीऽऽ! गेनबाकाका आहेत का घरातऽऽ?"

धोंडाबाई दचकली. हा असा का बोंबलतोय, तिला कळेना. आणि नुकत्या सारवलेल्या खळ्यावर त्यानं बुटाचा पाय दिला होता, त्याचा तिला राग आला. रागावली की ती बोलत नसे. तिनं शेणाच्या हातानं नुसती शेताची दिशा दाखवली.

"हिला ऐकू येत नाही," अभिषेकशेठ बरोबरच्याला म्हणाला, आता अगदी साध्या आवाजात. "बोल बिनधास्त. म्हातारा तयारच आहे. पोरगा हॉटेलात असतो. सून अडाणी, घरी बसून असते. झोडणीच्या गडबडीत कागद घेऊन येऊ. घाईत कोण बघतंय? अंगठे घ्यायचे, मोकळं व्हायचं."

गाडी गेली. धोंडाबाईनं हातसुद्धा धुतले नाहीत. लुगड्याचा काठ खोचून ती तरातरा खाचराकडं निघाली.

"मंगल," बांधावरूनच ती म्हणाली, "म्या बहिरी हाय का गं?"

"आत्याबाई, तुमाला तर शेजारच्या घरातलं कुजबुजल्यालं बी ऐकाय येतं."

"मंग त्या मेल्यानं मला बहिरी का म्हनावं?" आणि तिनं ऐकलेलं सगळं शब्दाला शब्द सांगितलं.

मंगलला आधी हसू आलं. 'अडाणी' ऐकल्यावर मात्र ते मावळलं. ती भोंगवलीची लेक. बारावी झालेली. एसटीनं भोरला जाऊन-येऊन, कधी कधी उभ्यानं, शिकलेली. हे उंबरटेकात कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कधी सांगत बसायचं कारण नव्हतं. पण अडाणी?

"मामंजी," ती म्हणाली, "मागल्या उन्हाळ्यात पंचायतीनं धाडल्याला भायेरगावचा मानूस आला हुता नव्हं, घरोघर इचारत? म्या तवा हिरीवर हुते. त्यानं काय काय इचारलं?"

गेनबा गवताची काडी दातात घेऊन आठवू लागला. "घरात किती मान्सं. कुनाला काय दुखनं. तुझं इचारलं, सून शिकल्याली हाय का?"

"मंग?"

"म्या म्हनलं, आता तिला कुठं टाइम हाय शिकायला."

मंगल बघतच राहिली.

"मंग म्हनला, काम काय करती? म्या म्हनलं, काय न्हाई, घरीच असती." तिच्या हातातल्या विळ्याकडं, मग मागं पडलेल्या पेंढ्यांच्या ओळींकडं गेनबाची नजर गेली आणि त्याचा आवाज बारीक झाला. "तसं इचारलं की तोंडातनं तसंच येतं गं पोरी."

"आन् मी?" धोंडाबाईनं विचारलं.

"तुला त्यानं दोनदा नाव इचारलं. तू बोललीच न्हाईस."

"वहाना घालून सारवल्याल्या वट्यावर आल्ता त्यो! कशाला बोलू?"

आता सगळं जुळलं. पंचायतीच्या माणसानं जे चुकीचं लिहून नेलं, तेच अभिषेकशेठच्या तोंडात होतं. चूक तिथून निघून त्याच्याकडं पोचली होती. मंगलनं उरलेली पात कापून काढली, मध्ये एकदाही बसली नाही, आणि दुसऱ्या सकाळी पंचायतीत गेली.

पंचायतीच्या ओट्यावर दाखल्यांसाठी माणसं बसली होती. आत लिपिक चिमाजी होता, गावातलाच, भावकीतला. खुर्चीत बसला की भावकी विसरायचा.

"काय वैनी, कुठला दाखला?"

"दाखला न्हाई. आमच्या घराची तुमी काय माहिती लिवलीया, ती बगायची हाय."

चिमाजीनं चष्मा वर सारला. "तुमच्या घरची?"

"व्हय."

"म्हंजी तुमची माहिती तुमालाच ठाव न्हाई व्हय?" तो बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. ओट्यावरची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "घरचा पत्ता बी सांग रं वैनीला, वाट चुकंल." पुन्हा हशा.

मंगलचे कान तापले. "मला काय ठाव हाय ते ठाव हाय. तुमाला काय ठाव हाय ते बगायचंय."

"तसं दावता येत न्हाई. गुपित असतंय ते."

"कुनापासनं गुपित? माझ्यापासनं?"

चिमाजीनं पुढ्यातली वही मिटली. "म्याडम शुक्रवारी येत्यात. लेखी अर्ज आना."

अर्धा दिवस वाया गेला. परत येताना ढग इतके खाली उतरले होते की तिनं घर न गाठता सरळ खाचर गाठलं आणि अंधार पडेपर्यंत धोंडाबाईबरोबर पेंढ्या ताडपत्रीखाली ओढल्या. पाऊस शिंतडून गेला. भात वाचलं.

शुक्रवारी ती अर्ज घेऊन गेली. अर्ज तिनं स्वतः लिहिला होता आणि त्यात दोनच गोष्टी मागितल्या होत्या: आमच्याबद्दल काय लिहिलं आहे ते दाखवावं, आणि ते कुणाकुणाला दिलं ते सांगावं.

ग्रामसेविका सारिका मॅडम त्याच वर्षी बदलून आल्या होत्या. दोन गावं सांभाळायच्या, स्कूटीवर फिरायच्या, जेवायचा डबा बऱ्याचदा तसाच परत न्यायच्या. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागं बघितलं, पुन्हा वाचला.

"असा अर्ज माझ्याकडं कधी आलाच नाही," त्या म्हणाल्या. "लोक दुसऱ्याची माहिती मागायला येतात. स्वतःची मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या. कशासाठी हवीय?"

मंगलनं धोंडाबाईच्या कानाशी झालेल्या बोंबेपासून सगळं सांगितलं. बहिरेपणाशी आली तेव्हा मॅडमना हसू फुटलं, अंगठ्यांशी आली तेव्हा हसू थांबलं. त्यांनी वेल्ह्याला तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. पलीकडचे साहेब म्हणाले, अशी काही पद्धत नाही. मॅडमनी विचारलं, पद्धत नाही म्हणजे मनाई आहे का? पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मनाईही नव्हती.

"मग देते मी," असं म्हणून मॅडमनी फोन ठेवला. "पुढच्या शुक्रवारी या. कुणाला दिलं ते मला शोधावं लागेल. चिमाजी, यांना पोच द्या."

चिमाजीनं शिक्का इतका जोरात मारला की टेबलावरचा चहा डचमळला.

पण पुढचा शुक्रवार यायच्या आधी अभिषेकशेठ आला.

सोमवार होता. कुमार घरी होता आणि खळ्यावर झोडणी चालली होती. कुमार आणि मंगल समोरासमोर उभे राहून आडव्या टाकलेल्या लाकडी ओंडक्यावर पेंढ्या आपटत होते. दाणे चहूकडं उडत होते. तिच्या आपटण्याला त्याच्या आपटण्याचा ताल मिळाला होता. मंगलच्या केसांत, भुवयांत भुसाची पिवळी पूड बसली होती. कुमार तिला चिडवत होता, "भोंगवलीकडची पोरं भात झोडत्यात का कपडं धुत्यात?" ती म्हणत होती, "तुमी आपलं भजी तळा." धोंडाबाई सूप धरून वाऱ्याची वाट बघत होती.

पांढरी गाडी थांबली. अभिषेकशेठ कागदांची फाइल आणि शाईची डबी घेऊन हसत हसत आला. "काका, आलो बघा. तुम्ही व्हय म्हणाला होता ना? कामात आहात, फार वेळ घेत नाही." मग धोंडाबाईच्या कानाशी वाकून, "आजीऽऽ! अंगठा द्यायचाऽऽ!"

"वरडतोस कशाला रं?" धोंडाबाई शांतपणे म्हणाली. "म्या हितंच हाय."

अभिषेकशेठच्या हातातून शाईची डबी सुटली आणि पेंढ्यात पडली.

"तवाबी हितंच हुते," ती म्हणाली. "माझ्या खळ्यावर बूट घालून हुबा हुतास तू. घाईत कोन बगतंय म्हनलास. ह्ये बग, समदी बगत्यात."

कुमारनं हातातली पेंढी खाली ठेवली. तो एक पाऊल पुढं सरकला, पण मंगलनं त्याला हातानं अडवलं आणि फाइल मागून घेतली. घामानं कागद ओला होऊ नये म्हणून बोटं पदराला पुसली आणि मोठ्यानं वाचायला लागली. खळ्याच्या आजूबाजूच्या खळ्यांवरची झोडणी हळूहळू थांबली. शेजारची फुलाबाई हातात पेंढी तशीच धरून कुंपणाशी आली. मंगल अडखळली नाही. वाचता वाचता ती एका ओळीपाशी थांबली.

"हितं लिवलंय, वाचून दावल्यावर राजीखुशीनं अंगठा दिला. कुनी वाचून दावलं?"

"वहिनी, तुम्हाला वाचता येतं?" अभिषेकशेठच्या तोंडून निघून गेलं.

"येत न्हाई असं तुमाला कुनी सांगितलं?"

"तुमच्याच गावच्या ग्रुपवर आलं होतं सगळं," तो गडबडीनं म्हणाला. आपण काय बोलून गेलो हे त्याला उशिरा कळलं. मग तो गेनबाकडं वळला, मऊ आवाजात म्हणाला, "काका, माणसानं शब्द पाळावा. तुम्ही व्हय म्हणाला होतात. म्हणाला होतात की नाही?"

गेनबा गुडघ्यावर हात ठेवून उठला. सगळं खळं त्याच्याकडं बघत होतं. त्याचे ओठ सवयीनं 'व्ह'साठी गोल झाले. धोंडाबाईनं डोळे मिटून घेतले.

"न्हाई," गेनबा म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडात नवा होता. कसा लागतो ते बघावं तसा त्यानं तो पुन्हा म्हटला. "न्हाई. द्यायचं न्हाई. वरलं खाचर न्हाई, खाललं बी न्हाई." मग त्याला हुरूपच आला. "आन् सकाळच्या पारी फोन करायचा न्हाई. आन् माझ्या गुडग्याचं इचारायचं न्हाई!"

फुलाबाई कुंपणापलीकडून एवढ्यानं हसली की तिच्या हातातली पेंढी सुटली. गाडी वळून उतारानं दिसेनाशी झाली, आणि कुमारनं ओंडक्यावर पुढची पेंढी आपटली. दुपारी गेनबानं जेवताना आणखी भात हवा का याला सुद्धा 'न्हाई' म्हटलं, आणि मग हळूच ताट पुढं केलं.

शुक्रवारी सारिका मॅडमनी मंगलला समोर खुर्ची दिली आणि कागद तिच्या हातात ठेवला. मंगलनं वाचलं. सासू, ऐकू येत नाही. सून, निरक्षर, काम काही नाही. आधीपासून ठाऊक होतं, तरी पंचायतीच्या छापील अक्षरांत ते बघताना तिनं त्या ओळीखालून दोनदा बोट फिरवलं. इतकी वर्षं राबून गावाच्या दप्तरात आपण 'काही नाही'.

"आता दुसरा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "चिमाजी, तुम्हीच सांगा."

चिमाजी भिंतीला टेकून उभा होता. आज खुर्चीत बसला नव्हता. "म्याच टाकलं वैनी, गावच्या ग्रुपवर. समद्यांच्या घरचं. दुरुस्ती असंल तर कळवा, असं खाली लिवलं हुतं. घरोघर हिंडायचा कंटाळा केला. त्यो पलाटवाला बी ग्रुपात हाय ह्ये ध्यानात आलं न्हाई. गावातल्या एकानं बी वाचलं न्हाई बगा. वाचलं ते त्यानंच." त्यानं मान खाली घातली. "त्या दिशी तुमाला समद्यांम्होरं हसलो. ते बी चुकलं."

"मी ते काढायला लावलंय," मॅडम म्हणाल्या, "आणि तसं लेखी उत्तर देतेय. पण खरं सांगते ताई, त्यानं आपल्या फोनात घेतलं असेल ते मला परत आणता येणार नाही. पुन्हा होणार नाही, एवढं माझ्या हातात आहे. आणि चुका दुरुस्त करणं. ते इथं बसून नको. मी सोमवारी येते तुमच्या खळ्यावर."

आणि त्या आल्या. स्कूटीवर, डबा घेऊन, चिमाजीला मागं बसवून. चिमाजीनं सारवलेल्या खळ्याच्या बऱ्याच अलीकडं वहाणा काढल्या. तोवर फुलाबाईनं गावभर सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ज्यांचं भात आत गेलं होतं ते सगळे जमले होते. प्रत्येकाला आपापला कागद बघायचा होता. कुणाच्या घरात नसलेली म्हैस लिहिली होती, कुणाचा थोरला पोरगा धाकट्याहून लहान झाला होता. हसून हसून माणसं पोट धरत होती.

मॅडमनी सगळ्यांना थांबवलं. "असं नाही. एकाचं दुसऱ्यानं ऐकायचं नाही. ज्याचं त्यानं. मी त्या फणसाखाली बसते, एकेक जण या. बाकीच्यांनी इकडंच थांबायचं."

उंबरटेकाला हे नवं होतं. एकमेकांच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून ओळखणारी माणसं. पण त्यांनी ते मनावर घेतलं. फुलाबाई फणसाखाली गेली तेव्हा सगळं गाव पाठ करून उभं राहिलं, धरणाच्या पाण्याकडं तोंड करून, देवळातल्या आरतीला उभं राहावं तसं. एक म्हातारा तर कानांवर हात ठेवून उभा होता. फुलाबाई वय सांगून परत आली आणि कुणीही तिला काही विचारलं नाही. तिला त्याचं इतकं नवल वाटलं की तिनं आपण होऊनच सांगून टाकलं.

मंगलची पाळी आली.

"शिक्षण?"

"बारावी."

"काम?"

मंगलनं मागं बघितलं. उफणलेल्या भाताची रास उन्हात पडली होती, टोकाशी अजून थोडा भुसा उडत होता. "शेती," ती म्हणाली. "समदी. लिवा."

मॅडमनी लिहिलं आणि कागद तिच्याकडं वळवला. मंगलनं सही केली. एका दमात, मोठ्या अक्षरात.

शेवटी धोंडाबाई गेली. तिनं लुगडं झटकलं, मॅडमसमोर मांडी घातली आणि बोलायला लागली. ऐकू येतं, एवढं सांगायला कितीसा वेळ? पण धोंडाबाई उठेचना. तिचे हात हलत होते, मध्येच डोंगराकडं बोट जात होतं. एकदा तिनं पदर डोळ्याला लावला, आणि लगेच पुढं कशावर तरी दोघी इतक्या हसल्या की मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. मॅडमनी लिहिणं केव्हाच सोडलं होतं; डबा उघडून त्या जेवता जेवता ऐकत होत्या, आणि धोंडाबाई त्यांच्या डब्यातलं लोणचं खात होती. गाव पाठ करून करून थकलं आणि खळ्यावर बसलं. कुमारनं सगळ्यांसाठी चहा ठेवला.

उन्हं उतरली तेव्हा धोंडाबाई परत आली. आभाळात एक ढग नव्हता. ती राशीशी बसली आणि सूप पुढं ओढलं. गेनबाला राहवेना. तो सरकत सरकत तिच्याजवळ गेला.

"येवढं काय सांगितलंस गं तिला?"

धोंडाबाईनं सुपातलं भात वर उडवलं, झेललं, फुंकर मारली.

"आवं, माझी माहिती हाय ती," ती म्हणाली. "पायजेल तर अर्ज करा."